गुरुवारवाले

आमच्या गावचा बाजार गुरुवारचा. बाजार तसा लहानच. वीस-पंचवीस पालं पडतात. भाजीवाले, एक भेळवाला, एक मिरची-मसाल्याचा, एक बांगड्यांचा आणि कडेला चपला शिवणारा. उन्हं कलली की पालं उठायला लागतात. त्या वेळेला ग्रामपंचायतीच्या मागं, वाचनालयाच्या ओसरीवर आम्ही आठ-दहाजण जमतो. आठवड्यात कुणी काय वाचलं ते सांगायचं, कसं वाटलं ते सांगायचं आणि पुस्तक पुढच्याच्या हातात द्यायचं. बस्स, एवढंच. अध्यक्ष नाही, वर्गणी नाही, फलक नाही. चहा तेवढा पाळीपाळीनं आणायचा. लोक म्हणतात, ‘गुरुवारवाले बसले.’ हे नाव आम्ही घेतलेलं नाही, पण ते चिकटलं.

शहरातला पाहुणा आला की त्याला नवल वाटतं. खेड्यात माणसं पुस्तकावर बोलतात म्हणजे काय! मला त्यात नवल वाटत नाही. आमच्याकडं श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागायची. हरिविजय, पांडवप्रताप, नाहीतर नवनाथ. एकजण ओव्या वाचायचा, दुसरा अर्थ सांगायचा. ऐकणारी निम्मी माणसं निरक्षर, पण मत मात्र सगळ्यांना. कर्णाची बाजू घेणारे वेगळे, अर्जुनाची घेणारे वेगळे. पोथी संपवून घरी जाताना वेशीपर्यंत भांडण चालायचं. जोतीराव फुल्यांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा त्याचे भाग त्यांनी माणसं जमवून वाचून दाखवले होते. ज्याच्यासाठी लिहिलं त्याला वाचता येत नाही, म्हणून त्याच्या कानावर घालायचं. तेव्हा आम्ही करतो ते काही नवं नाही. श्रावणातलं बाराही महिन्यांवर आणलं, एवढंच.

वाचनालय म्हणाल तर ‘ड’ वर्गाचं. 1967 साली राज्यात ग्रंथालयांचा कायदा झाला, त्यात अ, ब, क, ड असे वर्ग पाडले. ‘ड’ म्हणजे रांगेतला शेवटचा. आमच्याकडं तीन लोखंडी कपाटं, एक टेबल, दोन बाकडी आणि भिंतीला टेकवलेली एक मोडकी शिडी. पुस्तकं देणारी बाई गावातलीच सून आहे. तिला मिळणारा पगार सांगितला तर कुणाला खरा वाटणार नाही. तरी ती संध्याकाळी दार उघडते, झाडून घेते आणि कुठलं पुस्तक कुणाकडं अडकलंय ते वही न उघडता सांगते.

मी वाचायला लागलो ते रानात. विहिरीच्या मोटरीला वीज रात्रीची. दारं धरायचं म्हणजे एक वाफा भरेपर्यंत बसून राहायचं. बसलं की डोळा लागतो आणि डोळा लागला की पाणी शेजाऱ्याच्या रानात. तेव्हा बॅटरी खांद्यात धरून पुस्तक उघडायचं. वाफ्याला दोन पानं, असा हिशेब बसला. माझं शिक्षण दहावी. जड शब्द आला की पुढं जायचो. तो शब्द तीन-चार पानांनी परत भेटला की आपोआप कळायचा.

सुरुवातीला आमचं बसणं फार कोरडं व्हायचं. ज्याला विचारावं तो म्हणायचा, ‘छान आहे.’ दुसऱ्याला विचारलं की, ‘लई छान आहे.’ एक निवृत्त गुरुजी आमच्यात आहेत. त्यांनी दोन महिने ऐकून घेतलं आणि एका गुरुवारी म्हणाले, “छान हा शब्द आजपासून बंद. वाचताना पुस्तक खाली कुठं ठेवलं आणि का ठेवलं, तेवढं सांगा.” तिथून गाडी रुळावर आली. कारण माणूस पुस्तक खाली ठेवतो ते दोनच वेळेला. कंटाळा आला म्हणून, नाहीतर काहीतरी लागलं म्हणून. दोन्हीत सांगण्यासारखं असतं.

‘बनगरवाडी’ आमच्यात तीनदा फिरली. व्यंकटेश माडगूळकरांचं 1955 सालचं पुस्तक. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एक तरणा मास्तर येतो, शाळा चालवतो, तालीम उभी राहते, आणि शेवटी दुष्काळ सगळी वाडी रिकामी करतो. सुगी झाली की आमच्या शिवारात मेंढरं बसवायला धनगर येतात. रात्रभर मेंढरं रानात बसली की लेंडी-मुताचं खत होतं, त्याचे आपण पैसे आणि धान्य देतो. असा एक म्हातारा धनगर बाजाराला आला होता, तो ओसरीवर टेकला. गुरुजींनी त्याला शेवटची पानं वाचून दाखवली. म्हाताऱ्यानं तंबाखू मळत सगळं ऐकलं आणि म्हणाला, “मास्तर बी गेला आन् वाडी बी गेली, व्हय? मास्तरला दुसरी शाळा मिळंल. धनगराला दुसरं रान हुडकावं लागतंय.” एवढं बोलून तो उठला. ते पुस्तक मी दोनदा वाचलं होतं, पण मास्तरच्या जाण्यात आणि वाडीच्या जाण्यात हा फरक आहे हे मला त्याच्याकडून कळलं.

‘एक होता कार्व्हर’ वाचलं तेव्हा तर सरळ शेतीवरच गोष्ट आली. वीणा गवाणकरांचं पुस्तक, 1981 चं. अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या जमिनी कापूस घेऊन घेऊन खंगल्या होत्या. कार्व्हरनं तिथल्या गरीब काळ्या शेतकऱ्यांना भुईमूग, रताळी लावायला सांगितलं, जमिनीला बेवड द्यायला शिकवलं. 1906 साली त्याच्या संस्थेनं घोडागाडीवर शाळा काढून ती शेतकऱ्याच्या दारात नेली. आमच्यातला एक सोयाबीनवाला म्हणाला, “आपण तरी काय निराळं करतोय? दरसाल सोयाबीन, दरसाल सोयाबीन. तूर कुठं गेली, मूग-उडीद कुठं गेलं?” दुसरा म्हणाला, “कार्व्हरला भाव ठरवणारा व्यापारी भेटला नव्हता, म्हणून त्याला सुचलं.” त्यावर अंधार पडेपर्यंत वाद झाला. पुस्तक बाजूलाच राहिलं, पण पुस्तकाशिवाय तो वाद झालाही नसता.

आमच्यात एक आक्का आहेत. सत्तरीच्या पुढच्या. अक्षरओळख नाही. नात वाचते, आक्का ऐकतात, आणि गुरुवारी येऊन सगळ्यांच्या आधी बोलतात. बहिणाबाईंची गाणी नातीनं वाचून दाखवली तेव्हा आक्कांनी आम्हाला कोड्यात टाकलं. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. 1951 साली त्या गेल्या आणि 1952 साली त्यांच्या मुलानं, सोपानदेव चौधरींनी, गाणी छापून आणली. अत्र्यांनी प्रस्तावना लिहिली. आक्का म्हणाल्या, “मंजी ती जित्ती असताना तिच्या घरच्या बायकांनी ऐकली असतील, तेवढीच. म्या जात्यावर म्हणलेली गाणी कुणी छापली न्हाईत, मग ती गाणी न्हवती का?” गुरुजी वाद घालण्यात कुणाला हार जात नाहीत, पण त्या दिवशी ते चष्मा पुसत बसले. नातीनं मात्र त्या आठवड्यापासून एक वही घातली आहे. आक्का म्हणतील ते ती उतरवून घेते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला घेतलं, ती सांगतो.

रा. रं. बोराड्यांची ‘पाचोळा’ ही कादंबरी 1971 ची. मराठवाड्यातल्या एका खेड्यातल्या शिंप्याच्या घरची गोष्ट. गावात दुसरा शिंपी येतो, गिऱ्हाईक तुटत जातं आणि घराची वाताहत होते. सगळं सांगते ती त्या शिंप्याची बायको पार्वती, तिच्या बोलीत. आमचं गाव बार्शी-लातूर रस्त्यापासून आत, त्यामुळं ती बोली आम्हाला कानाला लावावी लागत नाही, ती आमच्या घरातच बोलतात.

पुस्तक त्या आठवड्यात एका तरुण पोराकडं होतं. पोरगा पदवी घेऊन पुण्याला चार वर्षं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करून आलेला. दोनदा थोडक्यात हुकला. हुशार, पण बोलणं तुटक. तो म्हणाला, “मी एका रात्रीत वाचलं. पण मला त्या शिंप्याची कीव नाही आली. गावात नवा शिंपी आला तर त्याचं बघून शिकायचं. काळाप्रमाणं बदलायचं. हा नुसता चिडत बसतो. घराची वाट त्यानंच लावली.”

ओसरीच्या खांबाला टेकून आमचे शिंपी आण्णा बसले होते.

आण्णांनी माझ्या लग्नाचे कपडे शिवले, माझ्या पोरांचे शाळेचे कपडे शिवले. गावातल्या प्रत्येक माणसाच्या छातीचं माप त्यांच्या वहीत आहे. पोरगा जे पुस्तकातल्या शिंप्याला म्हणाला ते त्याच्या मनात आण्णांना उद्देशून नव्हतं, हे सगळ्यांना कळत होतं. पण आण्णा शिंपी आहेत आणि त्यांचं दुकान चालत नाही, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी वर बघेना. गुरुजी म्हणाले, “बरं, पुढचं पुस्तक कुणाचं?” तेवढ्यात आण्णांनी हात पुढं केला. “आन ते हिकडं.” पाळी दुसऱ्याची होती, पण कुणी ‘नाही’ म्हणालं नाही.

पुढच्या गुरुवारी आण्णा आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. पोरगाही यायचा बंद झाला. त्याला मी रस्त्यात गाठलं तर म्हणाला, “तात्या, मी पुस्तकावर बोललो. मला खरं वाटलं ते बोललो. आता ते जर कुणाच्या अंगाला लागणार असेल, तर मी येत नाही. उगं भांडण नको.”

आमच्यातच दोन तट पडले. एकजण म्हणाला, ज्याच्या जखमेवर बसेल असं पुस्तक फिरवायचंच कशाला? कपाटात बाकीची पुस्तकं काय कमी आहेत? दुसरा म्हणाला, मग बनगरवाडी धनगरापुढं वाचायची नाही, असूड शेतकऱ्यापुढं वाचायचा नाही, राहिलं काय? पाकशास्त्र आणि राशिभविष्य.

मी त्या आठवड्यात ह्यावर पुष्कळ विचार केला. शहरातला माणूस पुस्तकावर मत देतो आणि घरी जातो. पुस्तकातली माणसं त्याच्या आळीत राहत नाहीत. आमच्याकडं तसं नाही. ग्रामीण पुस्तक उघडलं की त्यातला शिंपी, त्यातला पाटील, त्यातली टाकलेली बाई, त्यातला कर्जबुडवा, सगळे ओसरीवर बसलेले. मत पुस्तकाला दिलं तरी ते पुढच्या माणसाला जाऊन पोचतं. म्हणून मग दोनच वाटा दिसत होत्या. पुन्हा ‘छान आहे, लई छान आहे’ म्हणत बसायचं, नाहीतर गुरुवार बंद करायचा. पहिली वाट मला दुसरीपेक्षा वाईट वाटत होती. नुसतं ‘छान’ म्हणायला दर आठवड्याला चालत यायची काही गरज नाही, ते घरातूनही म्हणता येतं.

तिसऱ्या गुरुवारी आण्णा आले. एकटे नव्हते, बरोबर वहिनी होत्या. आक्का आणि पुस्तकं देणारी बाई सोडली तर बायामाणसं आमच्यात बसत नसत. वहिनी आक्कांच्या शेजारी जाऊन बसल्या. आण्णांनी पिशवीतून पुस्तक काढलं आणि म्हणाले, “त्या पोराला बोलवून आणा.”

एकजण सायकलवर जाऊन त्याला घेऊन आला. पोरगा ओसरीच्या कडेला उभाच राहिला.

आण्णा म्हणाले, “हे मी एकट्यानं वाचलं न्हाई. रोज रात्री हिला वाचून दाखवलं. दहा-बारा पानं. आता तू म्हणालास त्याचं सांगतो. काळाप्रमाणं बदलायला पायजे हुतं, म्हणालास. बरोबर हाय. मी बदललो. पायमशीनला मोटर बसवली. पिको-फॉलचं मशीन हप्त्यानं घेतलं. पूर्वी दिवाळीच्या आधी दोन म्हैने रात्री झोप नसायची. घरटी कपडे शिवायचो. आता माझ्याकडं काय येतं? चेन बसवा. कंबर सैल करा. उसवलंय, टीप मारा. लोक तयार कपडे घेतात, मोबाईलवर मागवतात. त्यात त्यांची बी चूक न्हाई, मला परवडत न्हाई त्या पैशात त्यांना मिळतंय. पण शिवून घ्यायचंच लोकांनी सोडलं, तर मी बदलून बदलून काय बदलू? त्या पुस्तकातल्या शिंप्यापुढं दुसरा शिंपी हुता. त्याला निदान राग धरायला माणूस हुता. माझ्यापुढं कोन हाय?”

पोरगा काही वेळ गप्प राहिला. मग खाली बसला आणि म्हणाला, “आण्णा, हे पटलं. पण एक अजून सांगतो. त्यानं बायकोचं ऐकायला पाहिजे होतं. एवढं तरी खरं का नाही?”

मला वाटलं, आता पुन्हा बिघडतंय. पण आण्णांनी वहिनींकडं बघितलं. वहिनी पदर नीट करत म्हणाल्या, “ती पार्वती पुस्तकभर बोलती. समदं सांगती. पुस्तकात हाय म्हणून तुमी येवढे जन ऐकताय. घरात बोलली असती तर ऐकलं असतं का? मी दोन वर्सं झाली म्हणतीय, धाकट्याला दुकानात बसवू नका, त्याला भाईर काय तरी शिकू द्या. आन् पुस्तक वाचून झाल्यावर हे मलाच इचारतात, का गं, तू कदी बोलली न्हाईस?”

आधी आक्का हसल्या. मग सगळे. आण्णा सगळ्यात शेवटी हसले, पण हसले.

त्या वर्षी आण्णांचा धाकटा वायरमनचा कोर्स करायला लातूरला गेला. हे पुस्तकामुळं झालं असं मी म्हणणार नाही. ते बोलणं त्या घरात कधीतरी होणारच होतं. पैशाची ओढाताण पुस्तकानं कमी झाली नाही, आण्णांचं दुकान पुस्तकानं चाललं नाही. हप्ते संपल्यावर त्यांनी दोन मशीनपैकी एक विकलं. पण जे दोन वर्षं चुलीपाशी अडलं होतं, ते पार्वतीचं निमित्त करून ओसरीवर आलं. स्वतःच्या घराविषयी बोलायला माणसाची जीभ उचलत नाही. दुसऱ्याच्या घराविषयी बोलता बोलता ती आपल्या घरात शिरते. आणि ते दुसऱ्याचं घर पुस्तकातलं असलं की कुणाची चहाडीही होत नाही.

तेव्हापासून आमच्यात एक रीत पडली. कुणी ठराव केला नाही. पुस्तकातल्या माणसाविषयी बोलताना, त्याचा सख्खा भाऊ शेजारी बसलाय असं समजून बोलायचं. खोटं बोलायचं नाही. भावापुढंही आपण म्हणतोच की, ‘तुझ्या भावाचं हे चुकलं.’ पण ते म्हणताना त्याला काय अडचणी होत्या त्या आधी मोजतो. एवढ्यानं मतं मऊ झाली नाहीत. उलट कडक झाली, कारण आता कारण सांगावं लागतं. आण्णा आणि तो पोरगा आजही भांडतात. पोराचं म्हणणं, माणूस हट्टानं बुडतो. आण्णांचं म्हणणं, हट्ट करण्याएवढं तरी हातात असावं लागतं.

भिलार म्हणून साताऱ्याकडं पाचगणीजवळ गाव आहे, स्ट्रॉबेरीचं. 2017 साली सरकारनं ते पुस्तकांचं गाव केलं. घराघरांत कपाटं ठेवली, कुणीही जाऊन बसावं आणि वाचावं. आमच्यातले काहीजण म्हणतात, आपल्याकडं तसं व्हायला पाहिजे. व्हावं, कुणाला नको आहे? पण तोवर आमची तीन कपाटं पुरेशी आहेत. अजून निम्मी पुस्तकं कुणी काढलेली नाहीत.

मध्यंतरी गुरुजींनी त्या पोराच्या हातात ‘कोसला’ दिली. नेमाड्यांची, 1963 ची. खेड्यातला पोरगा शिकायला पुण्याला जातो आणि परत येतो. पोरानं ती महिनाभर ठेवली. दर गुरुवारी विचारलं की म्हणायचा, “अजून चाललंय.” ज्याला सांगायचं नाही त्याला कुणी टोचत नाही, तीही आमची रीत. आम्ही पुढच्याकडं वळायचो.

गेल्या गुरुवारी त्यानं पुस्तक आणलं. मत काही दिलं नाही. सरळ आण्णांपुढं धरलं आणि म्हणाला, “आधी तुम्ही वाचा. तुम्ही काय म्हणता ते ऐकून मग मी बोलतो.”

आण्णांनी पुस्तक उलटंपालटं करून बघितलं. म्हणाले, “लई जाड हाय. दोन-तीन आठवडे लागतील. हिला बी वाचून दाखवायचंय.” मग खिशातली कापडाची पट्टी काढून पहिल्या पानात खूण म्हणून घातली आणि पुस्तक पिशवीत ठेवलं.

पुढचे दोन-तीन गुरुवार सोयाबीनच्या काढणीतले आहेत. मजूर मिळणार नाहीत, घरच्यांनाच राबावं लागणार. तरी आण्णा बोलतील त्या गुरुवारी मी मळणी चार वाजता थांबवणार आहे.